खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

मंगळवार पेठेतली भैरवी हुपरीकर १९९६ साली एका खाजगी तंत्रनिकेतनात संगणक कक्षाची सहायक म्हणून लागली, तेव्हा तिथे सात संगणक होते आणि सातही फडक्याखाली झाकलेले असत. वडील शाळामास्तर. मुलीने बी.एड. करून आपल्याच शाळेत लागावे, असे त्यांचे म्हणणे. तिने ते ऐकले नाही. मासिकांबरोबर मिळणाऱ्या सीडींवरून ती घरच्या घरी लिनक्स ही संगणकप्रणाली शिकली. शिकवायला कोणी नव्हते, त्यामुळे जे आले ते तिला सर्वस्वी स्वतःचे वाटे. त्याबद्दल दुसऱ्या कोणी बोललेले तिला खपत नसे.

२००२ च्या दिवाळीनंतर मुलांची प्रोजेक्टे सर्व्हरवर मावेनात. नवी मोठी हार्डडिस्क मिळणार नाही, असे प्राचार्यांनी सांगून टाकले. तेव्हा भैरवीने मोडीत निघालेल्या संगणकांतून लहानमोठ्या चार डिस्क काढल्या आणि लिनक्सच्या सोयीने त्या जोडून त्यांचा एकच साठा केला. चार विहिरींचे पाणी एका टाकीत आणावे तसे. वापरणाऱ्याला एकच मोठी जागा दिसे. आपली फाइल कुठल्या डिस्कवर आहे, हे कोणाला कळत नसे. जागा कमी पडली तर पाचवी डिस्क जोडता येई. एखादी थकली तर यंत्र चालू असतानाच तिच्यावरचा माल दुसरीवर सरकवून तिला मोकळी करता येई. मात्र ते वेळेवर केले नाही आणि एक डिस्क मेली, तर सगळा साठाच उघडायचा थांबे. हे तिला पक्के ठाऊक होते.

पाहुणे आले की प्राचार्य त्यांना मुद्दाम कक्षात आणत. "आमच्या मॅडमनी भंगारातनं सोनं काढलंय बघा," असे म्हणत. भैरवी मान खाली घालून हसे. त्या हसण्यात विनय फार थोडा होता.

कक्षाचे शिपाई होते गुंडूमामा. कागलकडचे, पन्नाशी ओलांडलेले, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर नेमलेले. त्याआधी अठरा वर्षे त्यांनी साखर कारखान्यात यंत्रांना तेल घालण्याचे काम केले होते. रोज सकाळी दार उघडले की दिवे लावण्याआधी ते मिनिटभर अंधारात उभे राहत आणि ऐकत.

पुढच्या वर्षी अनंत चतुर्दशीनंतर आठवड्याभराने त्यांनी भैरवीला हटकले.

"म्याडम, मोठ्या डब्यातलं खालनं दुसरं खरखरायलंय. बेअरिंग जायच्या आदी असाच आवाज येतोय बघा."

तिथे चार मुले बसली होती. एकाने मान वर केली.

"मामा, ही काय उसाची चरकी नाही," भैरवी म्हणाली. "तुम्हाला काय कळतंय ह्यातलं? चहा सांगा जावा."

मुले हसली. मामाही हसले आणि चहा सांगायला गेले.

मुले गेल्यावर तिने सर्व्हरच्या डब्याला कान लावला. तिला काही कळले नाही. मग तिने नोंदींची फाइल उघडली. खालून दुसऱ्या डिस्कवर वाचनाच्या चुका पडायला लागल्या होत्या. बाकीच्या तिघींवर जागाही होती. संध्याकाळपर्यंत माल सरकवता आला असता. पण मग ती डिस्क मामांच्या डोळ्यांसमोर बाहेर काढावी लागली असती. सोमवारी करू, असे तिने ठरवले. तो सोमवार गेला, त्यानंतरचाही गेला.

शनिवारी खंडेनवमी होती. प्राचार्य म्हणाले, "सर्व्हर वर्षभर राबतोय. पूजेपुरता बंद करा. दसरा झाला की सोमवारी चालू करू." थकलेली डिस्क फिरत असते तोवर फिरते, एकदा थांबून गार झाली की पुन्हा उठेलच असे नाही, हेही तिला माहीत होते. तरी तिने स्वतःच्या हाताने सर्व्हर बंद केला. मामांनी डब्याला हळदकुंकू लावले, फुलाने पाणी शिंपडले, झेंडूची माळ घातली आणि दोन्ही हात जोडले.

सोमवारी बटण दाबले. तीन डिस्क फिरल्या. खालून दुसरी टकटक करत राहिली आणि गप्प झाली. साठा उघडेना.

प्राचार्य धावत आले. त्यांना डब्यावर हळदीची बोटे दिसली, पाण्याचा वाळलेला ओघळ दिसला, पंख्याच्या जाळीत अडकलेली झेंडूची पाकळी दिसली.

"हे कोणी केलं?"

"म्या, सर," मामा म्हणाले.

"पाणी आत गेलं असणार. होय ना, मॅडम?"

भैरवीने जाळीतल्या पाकळीकडे पाहिले. "असू शकतं," ती म्हणाली.

मामांना त्याच दिवशी फाटकावर बसवले. नोव्हेंबरात करार संपला की पुढचा द्यायचा नाही, असेही ठरले. भैरवीने आठवडाभर खपून उरलेल्या तीन डिस्कांवरून मिळाले तेवढे वाचवले. एकतीस प्रोजेक्टांपैकी अकरा गेली ती गेलीच.

दुसऱ्या सोमवारी फाटकातून आत शिरताना मामांनी तिला थांबवले.

"म्याडम, रागाला येऊ नका. कुठल्या फटीतनं गेलं असंल ओ पानी? दोनच थेंब शिंपडलं हुतं. अठरा वर्सात एक मशीन माझ्या हातनं मेलं न्हाय. पोरांचं वाटुळं झालं की माझ्यापायी."

ते तिला विचारत होते, कारण ह्यातले तिलाच कळत होते. ती तडक प्राचार्यांकडे गेली आणि उभ्याउभ्याच सगळे सांगितले.

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. "आता कशाला उकरून काढता? तुमचा कायम नेमणुकीचा कागद वर गेलाय. मामांना दुसरीकडं कुठं तरी चिकटवू."

"दुसरीकडं नको, सर. कक्षातच. आणि हे मी रजिस्टरात लिहिणार आहे."

तिने लिहिले: 'डिस्क बिघडत असल्याचे शिपाई गुंडू यांनी तीन आठवडे आधी सांगितले होते. मी दुर्लक्ष केले. पाण्याचा संबंध नाही.' खाली सही केली. पान तसेच उघडे धरून ती फाटकावर गेली आणि मामांना वाचून दाखवले.

मामांचा चेहरा उजळला. "म्हंजे मला बरूबर ऐकू आलतं की!"

"हो, मामा."

मग त्यांनी तिच्या सहीवर बोट ठेवले. "आनि तुमाला म्हाईत हुतं? सरांनी इचारलं तवाबी?"

"हो."

एक गाडी आली. मामा उठून फाटक उघडायला गेले. गाडी आत गेली, तरी ते तिथेच पाठमोरे उभे राहिले.

करार मिळाला, मामा कक्षात परत आले. भैरवीचा कायम नेमणुकीचा कागद दोन वर्षे लांबला. त्याबद्दल ती कोणाशी बोलली नाही. मामा २००८ साली निवृत्त होईपर्यंत रोज वेळेवर येत, पुसणे-झाडणे करत, मुलांशी थट्टा करत. फक्त दार उघडले की आता आधी दिवे लावत.

"मामा, काही खरखरतंय का बघा ना," ती कधी कधी म्हणे.

"आमाला काय कळतंय, म्याडम? तुमी बगा."

आवाजात राग नसे. ते बादली घेऊन बाहेर गेले की भैरवी वाकून डब्याला कान लावी. तिला सगळे आवाज सारखेच ऐकू येत.