नाव-गाव सांगून बोल

मंगळवारी संध्याकाळी बयच्या कानावर जे पडायचं, ते बुधवारी सकाळी तिला आठवत नसे. निदान ती तसं सांगायची. कुणी ओझरतं विचारलंच तर "मना काय ठाव नाय गे, देवी काय बोलली ती" एवढं म्हणून ओट्यावर सुकट निवडत बसायची. बदलापूरच्या आमच्या गावठाणात तिच्यावर बायकांचा विश्वास होता तो तिच्या अंगात देवी येते म्हणून, पण त्याहून जास्त तिला नंतर काही आठवत नाही म्हणून.

बय माझ्या नवऱ्याची चुलती. मी विठ्ठलवाडीच्या चाळीतून लग्न होऊन इथे आले. वडील कामगार चळवळीतले. आमच्या घरात अंगात येणं हा चेष्टेचा विषय होता. अंगात येण्यावर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. पण सून म्हणून दर मंगळवारी नारळाचं ताट घेऊन मी तिच्या पडवीत बसायचे. केस मोकळे सोडून ती घुमायला लागली की मला पहिली काळजी वाटायची ती तिच्या ब्लडप्रेशरची.

प्रश्न मांडायची तिथे एक रीत होती. आधी आपलं नाव, मग गाव, मग कुणाची कोण, आणि ज्याच्याबद्दल विचारायचं त्याचंही तसंच सगळं. एखादी बाई लाजून नुसतीच रडायला लागली की बय तिला थांबवायची. "नाव-गाव सांगून बोल. देवीनं कुठं सोधत फिरायचं तुना?" मग ती बाई डोळे पुसून मोठ्याने सगळं सांगायची आणि बाकीच्या बायका जमिनीकडे बघत बसायच्या. पडवीत ऐकलेलं पडवीबाहेर न्यायचं नाही, हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं.

देवीची उत्तरं मात्र फार व्यवहारी असत. दारुड्याच्या बायकोला देवीने अंगारा दिला आणि वर सांगितलं की पगाराच्या दिवशी कंपनीच्या गेटवर जाऊन उभी राहा. एकदा उल्हासनगरहून एका सिंधी कापडवाल्याची बायको आली. ती हिंदीत बोलली, तर देवीनेही हिंदीतच उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी मी बयला चिडवलं की देवीचं हिंदी अगदी तुझ्याइतकंच कच्चं कसं गं? एरवी माझ्या थट्टेवर पदर तोंडाला लावून हसणारी बय त्या दिवशी हसली नाही. कितीतरी दिवस तिच्याकडून आमच्याकडे कालवणाची वाटी आली नाही. तेव्हा मला कळलं की ही बाई सोंग करत नाही. तिच्या लेखी तिथे बोलते ती खरंच दुसरी कुणीतरी असते.

वांगणीकडची हिराबाई आली त्या मंगळवारी मी तिथेच होते. तिने रीतीप्रमाणे नाव-गाव सांगितलं, मग मुलीचं सांगितलं. मुलगी वर्षा, अंबरनाथच्या एका कंपनीत पॅकिंगला, लग्न ठरलेलं. तिला लहानपणापासून फिट येतात, गोळ्या चालू आहेत, आता बऱ्याच वर्षांत आली नाही. सासरच्यांना सांगू की नको? देवी म्हणाली, "सांग. तुझ्या तोंडानं सांग, दुसऱ्याच्या तोंडून जायच्या आत." हिराबाईने मान डोलावली. येत्या रविवारी जाऊन सांगते म्हणाली.

पडवीच्या दाराशी समोरच्या टॉवरमधला एक भाडेकरू उभा होता. नवीन माणूस, मोबाइल हातात. दर्शनाला आला असेल असं समजून बयच्याच नातीने त्याला पुढे जागा करून दिली. रविवार उजाडायच्या आत मुलाकडच्यांनी हिराबाईला एक लिंक पाठवली. वर खाली एक शब्द नाही. व्हिडिओच्या नावात देवीने भर गर्दीत मुलीचं गुपित फोडलं, असं काहीतरी हिंदीत लिहिलेलं होतं. बयचा घुमणारा चेहरा अगदी जवळून, हिराबाईची पाठ, आणि वर्षाचं नाव, गाव, कंपनी, आजार सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. लग्न मोडलं. तुम्ही लपवलंत, असं म्हणाले.

भाडेकरूला गाठायला गेलो तर तो खोली सोडून गेलेला, फोन बंद. ज्या खात्यावरून त्याने व्हिडिओ टाकला होता, तेही पुन्हा उघडलेलं दिसत नव्हतं. मग मी व्हिडिओ ठेवणाऱ्या त्या वेबसाइटलाच लिहायला बसले. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात मी हिशेब बघते. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून इंग्रजीत विनंत्या लिहायचे. माझ्या विनंतीला उत्तर आलं की तक्रार संबंधित व्यक्तीनेच करावी. वर्षाने केली, तर तुम्ही व्हिडिओत दिसत नाही. हिराबाईच्या नावाने केली, तर पाठीवरून ओळख पटत नाही. ही उत्तरं कुणी माणूस लिहितो की यंत्र, तेही कळायला मार्ग नव्हता. भांडायचं तरी कुणाशी?

चेहरा दिसत होता तो एकट्या बयचा. म्हणजे तक्रार तिनेच करायला हवी होती. त्यासाठी आधार कार्ड जोडायचं आणि एका चौकटीत खूण करायची: या व्हिडिओत दिसणारी व्यक्ती मी स्वतः आहे.

मी ओट्यावर बसून तिला हे मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "त्यात मी नाय. ती देवी हाय." मी समजावलं, मग चिडले. एक खूण करायची आहे, देवीला काय फरक पडतो, असंही बोलून गेले. बयने सुकटीतला कचरा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मी हाय म्हटलं, तर मंग इतकी वर्सं बाया कोनाजवल रडल्या गे?"

मी उठून घरी आले.

काही दिवसांनी वर्षाच आली. कंपनीतून परस्पर आली होती, गळ्यात ओळखपत्र तसंच. बयशेजारी बसून तीही सुकट निवडायला लागली. रडली नाही, कुणाला दोष दिला नाही. आणखी एका ठिकाणी बोलणी चालली होती, तिथेही व्हिडिओ पोचला, एवढं तिने मला सांगितलं. जाताना बयला विचारलं, "माझं नाव तेवढं काढता येईल का?"

बय आत गेली. हात धुतल्याचा आवाज आला. देव्हाऱ्यामागून आधार कार्ड काढून तिने माझ्या हातात दिलं.

"लिही. मीच बोलले." मग म्हणाली, "आनि मना सगलं आठवतंय. सगल्या बायांचं. तेबी लिही."

तसं लिहायला त्या अर्जात जागा नव्हती. मी चौकटीत खूण केली आणि विनंती पाठवून दिली.

उत्तर आलं की आम्ही व्हिडिओ तपासला. तो सार्वजनिक धार्मिक कार्यक्रमाचा असून आमच्या कोणत्याही नियमाचा भंग करत नाही. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा तीच वाक्यं आली. पोलीस चौकीत अर्ज घेतला, पुढे काही झालं नाही. बयला हे सांगताना माझीच मान खाली गेली. ती फक्त म्हणाली, "मंग उगाच बोलले ना मी?"

त्यानंतरच्या मंगळवारी ती नेहमीसारखी न्हाऊन, केस सोडून बसली. बायका आल्या, धूप झाला, ढोलकी वाजली. देवी आली नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. मग बयनेच बसणं सोडलं. मी, अंगात येण्यावर विश्वास नसलेली बाई, त्या रिकाम्या पडवीकडे बघून घरात येऊन रडले. बायका अजूनही ओट्यावर यायच्या, पण नाव-गाव कुणी सांगत नसे. 'आमच्या ओळखीतल्या एका बाईचं असं झालंय' असं म्हणायच्या, आणि बयला सल्ला सुचत नसे.

व्हिडिओ जितका बघावा तितका तो वर येतो आणि आणखी लोकांना दिसतो, हे मी तिला एकदा सांगितलं होतं. तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला तिचं एकच सांगणं असायचं, "बगू नका गे. बगलं का वाढतं." शेवटच्या दुखण्यातसुद्धा डॉक्टरांच्या हातातला मोबाइल बघून ती हेच बोलली.

बयला जाऊन आता वर्ष होत आलं. त्या व्हिडिओशिवाय तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. घरातल्या लग्नांच्या कॅसेटमध्ये ती आहे, पण वर बँड वाजतो आहे. परवा नवऱ्याने विचारलं, तो व्हिडिओ एकदा लावू का, काकीचा आवाज ऐकू. मी नको म्हटलं. वर्षाचं लग्न अजून जमायचं आहे.

महिन्यातून एकदा मी त्या व्हिडिओचं पान उघडते. मोकळे केस, अर्धं उघडं तोंड, आता बोलेल असा तिचा चेहरा थांबलेला असतो. खाली तक्रारीचं बटण आहे. ते दाबते, मृत्यूचा दाखला जोडते, नात्याच्या रकान्यात सून लिहिते. मग तिचा आवाज न ऐकताच पान बंद करते.