आधी पाण्याचा ड्रम

चंद्रभागाबाईंचा कारभार म्हणजे एक घाव दोन तुकडे. ऊसतोड मजुरांच्या किडनीवर उन्हाचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास करायला डॉक्टर वडवणीजवळच्या त्यांच्या वस्तीवर आले. रक्त द्यायला हात पुढं करून बाईंनी बजावलं, "काय निघालं ते सांगाया माघारी या. न्हाईतर सुई लावू नका."

डॉक्टर खरंच माघारी आले. म्हणाले, "उन्हात तहान मारून राबलं की किडनी खराब होते. पाणी पीत राहा."

यंदा तोडीला निघताना संसार ट्रॉलीत भरून झाला, तरी बाई चढेनात. मुकादम खेकसला, "आता काय राहिलं, मावशे?"

"पाण्याचा ड्रम. कोयता इसरला तर उसना मिळंल. किडनी कोन देतंय उसनी?"

मुकादमानं वळून पाहिलं. टोळीतली एकही बाई ट्रॉलीत चढली नव्हती.