साडूच्या खांद्यावरची शाल

गेल्या रविवारी सकाळी अकरा वाजता, अमरावतीत आमच्या राहत्या घरी, माझ्या साडूचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार झाला. खर्च आठशे चाळीस रुपये. हजर : सत्कारमूर्ती विलासराव, त्यांची पत्नी, माझी पत्नी सुनंदा, मुलगी गौरी, शेजारचं जोडपं आणि मी. सत्काराची कल्पना माझी होती, असं सगळे म्हणाले. त्यात खोटं काहीच नाही.

विलासराव अकोल्याला कॉलेजात इंग्रजी शिकवतात. मी कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेब पाहतो. गौरी नववीत आहे. दिवाळीनंतर तिच्या वर्गात रिपोर्टेड स्पीच, म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याला कळवायचं इंग्रजी व्याकरण, सुरू झालं आणि आमच्या घरात विलासराव सुरू झाले. रोज संध्याकाळी त्यांचा फोन. फोन स्पीकरवर, मधोमध टेबलावर, आणि समोर मायलेकी अशा बसलेल्या, की एखाद्याला वाटावं कीर्तन चाललंय. सुनंदा त्या वेळी कुकरसुद्धा लावत नसे. शिट्टीनं भाऊजींना त्रास होईल! (मी घरी आल्यावर मिक्सर चालतो, ते कोणाच्या कानावर येत नाही.)

एक दिवस फोन यायच्या आत मीच गौरीचा अभ्यास घेतला. पुस्तकात वाक्य होतं : बाबा म्हणाले, ‘दार लाव.’ याचं मी सरळ करून दिलं, ‘फादर सेड दॅट क्लोज द डोअर.’ शब्दाला शब्द, ना कमी ना जास्त. संध्याकाळी गौरीनं ते फोनवर वाचलं. पलीकडून आवाज आला, “हे कोनं शिकवलं बेटा तुले?”

गौरीनं माझ्याकडे पाहिलं. सुनंदानं तोंडाला पदर लावला, पण पदर हलत होता.

त्या रात्रीपासून मी अबोला धरला.

आता आमच्याकडे अबोल्यानं संसार अडत नाही. नवरा-बायको एकाच खोलीत बसतात आणि मधल्या लेकराला म्हणतात, तुझ्या आईले सांग, तुझ्या बाबाले सांग. माझ्या आईवडिलांचे निरोप मीच वाहिले. पण मी दोन्हीकडचा राग जसाच्या तसा पोचवत असे, हातवाऱ्यांसकट. गौरीची शिकवण वेगळी होती. मावसांनी, म्हणजे विलासरावांनी, तिला सांगितलं होतं की आज्ञा दुसऱ्याला कळवताना फक्त काय करायचं तेवढं सांगायचं, बोलणाऱ्याचा राग आपल्या तोंडात घ्यायचा नाही. तिला तर घरबसल्या सराव मिळाला. आई म्हणाली की भाजी आणायला सांग, की ही माझ्यापुढे येऊन विचारी, “बाबा, यात आईनं विनंती केली लिहू, का हुकूम केला?”

“तुझ्या आईनं विनंती केलेली मी अजून पाहिली नाही,” मी म्हणालो. “हुकूमच लिही.”

चौथ्या दिवशी जेवताना सुनंदा भिंतीला उद्देशून म्हणाली की भाऊजी एवढं शिकवतात, एक पैसा घेत नाहीत, आणि काही लोकांना त्याचं काही नाही. मी ताट सरकवलं आणि गौरीला म्हणालो, “सांग तुझ्या आईले, बोलाव म्हना त्याले अकोल्याहून. शाल घाल, नारळ दे, रोडगे खाऊ घाल! पैसे माह्या पाकिटातून घे म्हना!” आणि तडक अंगणात जाऊन उभा राहिलो.

सुनंदा तोवर स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावून उभी होती. तिच्यापर्यंत माझं बोलणं गौरीच्या तोंडून पोचलं. राग वगळून.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या वरणावर तूप वाढलं. मी ते बिनशब्दांची माफी समजून खाल्लं. तीही, नवऱ्याला अक्कल आली असं समजून वाढत राहिली. बोलायचं मात्र दोघांपैकी कोणीच नाही. आधी कोण बोलणार? शनिवारी पाकिटात आठशे चाळीस रुपये कमी भरले. गौरीमार्फत चौकशी केली. उत्तर आलं, तुम्ही सांगितलं त्यातच खर्च झाले. मी काय सांगितलं होतं ते आठवेना, पण तूप चालू होतं, म्हणून पुढं विचारलं नाही.

रविवारी सकाळी अंगणात गोवऱ्या पेटल्या, रोडगे भाजायला पडले, वांग्याच्या भाजीचा वास सुटला. एवढा थाट माझ्यासाठी! मी अंघोळ करून नवा सदरा घातला. तेवढ्यात दारात अकोल्याची गाडी उभी राहिली आणि कोट घातलेले विलासराव उतरले. त्यांनी मला भर रस्त्यात मिठी मारली. त्यांचे डोळे ओले होते.

“साडभाऊ,” ते म्हणाले, “मले आजपर्यंत वाटे का तुमी माह्यावर जळता.”

“छे,” मी म्हणालो.

शाल मीच घातली. चांगली होती, एवढ्या चांगल्या शालीत मला आजवर कोणी गुंडाळलेलं नाही. शेजाऱ्यांनी आग्रह केला, दोन शब्द बोला. मी बोललो की विलासराव फोनवर फार स्पष्ट ऐकू येतात. टाळ्या पडल्या. गौरी जोरात वाजवत होती, त्यांच्याकडे पाहून. रोडगेही त्यांनी माझ्यापेक्षा दोन जास्त खाल्ले.

गाडी गेल्यावर मी गौरीला बाजूला घेतलं, पन्नास रुपये दिले आणि बजावलं, त्या दिवशी शाल-नारळाचं मी कशा आवाजात बोललो होतो ते मावसाले सांगू नको. तिनं मान डोलावली. संध्याकाळी फोन आला, स्पीकरवर. मावसांनी विचारलं, आज सरावासाठी एखादी नवी आज्ञा आहे का? गौरी म्हणाली, आहे, एकदम ताजी आहे. आणि कळवली. पन्नास रुपयांसकट.

सुनंदाचा पदर पुन्हा तोंडावर. मग विलासराव म्हणाले, “साडभाऊ, शाल गरम आहे बरं का. आता पुढच्या बारीले राग आला, तर स्वेटर धाडा.”

सुनंदा इतकी हसली की अबोला तिच्याच तोंडून सुटला. “अहो,” ती म्हणाली, “उद्याच आना.”

तर शेवटचा खर्च असा : स्वेटर एक, नऊशे रुपये, दुकानदारास रोख. माप कळावं म्हणून दुकानात तो मीच घालून पाहिला. विलासरावांना तो अगदी बेतशीर बसला, असा अकोल्याहून निरोप आला. मला पोटावर घट्ट होत होता.