सरांचा फक्कीचा डबा

म्हात्रे सर गेल्याचं मला ऑफिसच्या पार्किंगमध्ये कळलं. त्यांच्या मुलीचा, स्मिताचा, व्हॉइस मेसेज आला होता. "नजीरभाई, बाबा सकाळी उठलेच नाहीत... तुम्ही येता का?" गाडीत बसल्या बसल्या मी तो तीनदा ऐकला. खोटं कशाला सांगू, पहिला विचार मनात आला तो दुःखाचा नव्हता. "अरे, सांगायचं राहिलं," हा पहिला. आणि दुसरा त्याहून लाजिरवाणा, "चला, आता सांगावं लागणार नाही." दोन्ही एका दमात आले. तोबा तोबा करत मी गाडी सुरू केली.

पुढचे तीन दिवस कागदांमागे पळण्यात गेले. हा दाखला, तो शिक्का, विमानाचं कार्गो खातं... बहारीनमध्ये माणूस मेला की त्याला गावी पाठवणं हे त्याला इथे आणण्यापेक्षा कठीण. स्मिताचा नवरा बिचारा गांगरून गेला होता, त्यामुळे सगळं मीच केलं. सर विमानाने रायगडला गेले आणि इथली मराठी मंडळी मला म्हणू लागली, "नजीर, सख्ख्या मुलानं केलं नसतं एवढं केलंस रे." मी मान खाली घालून ऐकत होतो. लोकांना तो विनय वाटला. माझं चोराच्या मनात चांदणं होतं.

सरांची आणि माझी ओळख कॉलेजातली. त्यांची नोकरी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचराची. सकाळी नळ्या धुवायच्या, बाटल्या पुसायच्या. व्हरांड्यात सगळे त्यांना 'म्हात्रे मामा' म्हणायचे, आणि संध्याकाळी मैदानात उतरले की तेच मामा 'सर' व्हायचे. आमच्या कबड्डी संघाचे मुख्य प्रशिक्षक दुसरे होते. त्यांच्या गळ्यात शिट्टी, करंडकाबरोबर फोटोही त्यांचाच. म्हात्रे सरांकडे फक्त बचाव, म्हणजे समोरचा चढाईला आला की त्याला धरायचं कसं, एवढंच. पंचवीसेक वर्षं त्यांनी तेवढंच शिकवलं, आणि त्याचा एक रुपया वेगळा मागितला नाही. कधी कुणी चिडवलं तर म्हणायचे, "चढाईवाल्याचा पेपरात फोटो येतो. पकडवाल्याचं नुसतं ढोपर दिसतं. पण ते ढोपर आपलं असतं ना? मग झालं!" मी उजव्या कोपऱ्यावर खेळायचो. "नज्या, त्याच्या डोळ्यांत बघू नको, डोळे थापा मारतात. कंबर बघ. कंबरेला खोटं बोलता येत नाय," हे मला अजून झोपेतही ऐकू येतं.

सरांची एक पद्धत होती, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. मैदान आखायची पांढरी फक्की ते एका डब्यात भरून आणायचे आणि सरावात चढाईवाल्याचे दोन्ही हात त्यात बुडवायचे. आम्ही बचावाचे सातजण काळ्या बनियनमध्ये. तो येऊन शिवून गेला की अंगावर पांढरी बोटं उमटणार. नियम एकच. शिवला गेलास तर पंच बघो न बघो, स्वतः हात वर करायचा आणि बाहेर जायचं. शेजाऱ्याने दाखवायचं नाही. "दुसऱ्याचा हात आपण वर करायचा नसतो," असं ते बजावायचे. सराव संपला की आम्हाला रांगेत उभं करून मागूनपुढून बघत जायचे. ज्याच्या अंगावर फक्की होती पण हात वर आला नव्हता, त्याला ओरडायचे नाहीत. नुसती हाताने फक्की झटकायचे आणि म्हणायचे, "सांडली असंल कुठंतरी." बस्स. त्यापेक्षा दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

माझ्यावर एकदाच वेळ आली. दुसऱ्या दिवशी आंतरमहाविद्यालयीन सामना, संघ अजून जाहीर व्हायचा होता, आणि शेवटच्या चढाईत माझ्या पाठीला बोटं लागली. मी हात वर केला नाही. सरांनी माझी पाठ झटकली. "सांडली असंल." दुसऱ्या दिवशी मला पूर्ण सामना खेळवलं, आम्ही जिंकलोही. पण त्या दिवशी सरांकडे बघायची माझी छाती झाली नाही. त्यानंतर कॉलेज संपेपर्यंत, नुसती हवा लागली तरी मी हात वर करायचो. पोरं हसायची.

मग मी बहारीनला आलो, नईम नावाच्या वस्तीत खोली घेतली, संसार झाला, केस गेले. सर निवृत्त झाले, त्यांच्या पत्नी वारल्या, आणि स्मिताने त्यांना उम्म अल हस्सम भागातल्या आपल्या फ्लॅटवर आणलं. एका गणपतीत मी प्रसादाच्या रांगेत उभा, आणि मागून आवाज, "नज्या, पाय अजून बाहेरच टाकतोस काय रे?" वळून बघतो तर सर! मी तिथेच त्यांच्या पाया पडलो. पुढच्याच शुक्रवारी त्यांना आमच्या संघाच्या सरावाला घेऊन गेलो. आमचा संघ म्हणजे कोण? एसी दुरुस्त करणारे, वेल्डर, ड्रायव्हर, गोदामातले कारकून. सनद नावाच्या भागात एका ओळखीच्या माणसाच्या गोदामामागे सिमेंटचं अंगण आहे, तिथे भाड्याच्या मॅट टाकून आम्ही खेळायचो. मी संघाचा मॅनेजर. सरांनी पाच मिनिटं बघितलं आणि स्मिताला फोन लावला, "घरात दूध पावडरचा रिकामा डबा असंल तर टाकू नको." इथे फक्की कुठली मिळायला? त्यांनी फळ्यावरचे खडू आणून वरवंट्याने कुटले. आमची पोरं पंजाबी, तामिळ, कोकणी, सगळी मिसळ. सरांची हिंदी दिव्य. पण 'यल्ला' म्हणजे चला आणि 'खलास' म्हणजे संपलं, या दोन अरबी शब्दांवर त्यांनी सगळा बचाव उभा केला. दोन वर्षांत आमच्या पोरांच्या हातातून माणूस सुटेना.

आता ते सांगतो, ज्यासाठी हे लिहायला बसलो.

स्पर्धा तोंडावर आलेली. त्या शुक्रवारी मॅट आल्याच नाहीत, भाड्याने देणारा फोन उचलेना. सर म्हणाले, "आज नुसतं पायांचं काम. सिमेंटवर पकड नाय, धडक नाय. कळलं ना?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मग स्मिता त्यांना डॉक्टरकडे न्यायला आली आणि ते गेले. पाच मिनिटांत मी पोरांना म्हटलं, "चला, धडक करून घेऊ. हळू करा, काय होतंय!" मला घाई झाली होती. करंडक हवा होता, आणि एकदा तरी संघ माझ्या हाताखाली खेळावा असंही वाटत होतं, तेही लपवत नाही. तिसऱ्याच धडकेला संदेश पडला. महाडचा पोरगा, एसी टेक्निशियन. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

त्याचं काम बंद पडलं, त्याची कंपनी भडकली, आणि आमचा संघ ज्या मंडळाचा, त्या मंडळाच्या कमिटीची मीटिंग बसली. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे माझ्याच कंपनीतले मॅनेजर, आणि त्याच महिन्यात माझं कॉन्ट्रॅक्ट त्यांच्या टेबलावर सहीला पडलेलं. त्यांनी विचारलं, "सिमेंटवर सराव घ्यायला कोणी सांगितलं?"

सरांना पोरांकडून सगळं कळलेलं होतं. ते समोरच्या खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. रागाने नाही, वाट बघत होते... मला नुसता हात वर करायचा होता. पण कॉन्ट्रॅक्ट गेलं की व्हिसा जातो, व्हिसा गेला की मुलीची शाळा जाते, असा हिशोब डोक्यात सुरू झाला आणि मी मूग गिळून बसलो. सरांनी बराच वेळ दिला मला. मग म्हणाले, "पोरं माझ्याकडं सरावाला होती. जबाबदारी माझी." अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले, "सर, आता वय झालं तुमचं. आराम करा." सर म्हणाले, "बरं."

बाहेर आलो. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर सरांनी हात पुढे करून माझ्या शर्टाची बाही झटकली. तिथे काही नव्हतं. "घरी जा," म्हणाले, "नमाज चुकंल तुझी."

त्यानंतर चार महिने मी त्यांना भेटलो नाही. दर आठवड्याला ठरवायचो, येत्या शुक्रवारी नक्की. उम्म अल हस्समवरून जायची वेळ आली तर लांबून वळसा घालायचो. कॉन्ट्रॅक्टवर सही झाली होती. आणि सर गेले.

पंधरा दिवसांनी स्मिताचा फोन आला, बाल्कनीतला डबा घेऊन जा म्हणून. गेलो. चहाचा कप हातात होता, आणि कप खाली ठेवायच्या आत मी तिला सगळं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला माहीत होतं, नजीरभाई. संदेश बाबांना भेटायला आला तेव्हा म्हणाला, मी कमिटीत सांगतो कोणी करायला लावलं ते. बाबांनी त्याला गप्प केलं. म्हणाले, ज्याचा हात त्यानं वर करायचा." तिने माझ्या हातातला कप घेऊन टेबलावर ठेवला. "माफ केलं असं नाही म्हणणार मी. तुम्हाला ठाऊक आहे, दर शुक्रवारी चार वाजता बाबा बूट घालून या सोफ्यावर बसायचे? सहाला काढून ठेवायचे. मी विचारलं की म्हणायचे, अगं, नज्या येईल बोलवायला. सतरा शुक्रवार, नजीरभाई. सतरा."

मी लहान पोरासारखा रडलो. तिने रडू दिलं, समजूत घातली नाही, ते बरं केलं.

डबा बाल्कनीत बुटांशेजारीच होता. उचलायला गेलो तर झाकण सैल, आणि भसकन पांढरी पूड माझ्या निळ्या शर्टावर उडाली, छातीपासून पोटापर्यंत. स्मिता शेवटी बापाचीच मुलगी. तिचा हात झटकायला पुढे आला. मी दोन पावलं मागे सरलो. "राहू दे," म्हटलं.

त्याच संध्याकाळी मंडळात सरांची शोकसभा होती. मी तोच शर्ट घालून गेलो. अध्यक्ष सरांबद्दल चांगलं बोलले, आणि उतारवयात झालेल्या एका चुकीबद्दल मंडळाच्या मनात काही नाही, असंही मोठ्या मनाने म्हणाले. मग विचारलं, "आणखी कुणाला काही बोलायचंय?"

मागच्या रांगेत आमची पोरं बसली होती. संदेशही होता, खांदा जरा तिरका. सगळे माझ्या शर्टाकडे बघत होते.

मी हात वर केला.