सरांच्या मानेवरचा तीळ

प्रयोगशाळेत सगळे तिला सुईण म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. दुसऱ्या कुणाकडे रुसून बसलेल्या पेशी तिच्या हाती आल्या की बघता बघता बाळसं धरत. आता या पेशी होत्या मेलेनोमाच्या, म्हणजे कातडीच्या सगळ्यांत खुनशी कॅन्सरच्या, आणि त्यांनी बाळसं धरावं म्हणून एवढी शिकलीसवरलेली माणसं देव पाण्यात घालून बसत, ही गोष्ट वेगळी. कॅन्सर मारायचा तर आधी तो नीट वाढवावा लागतो. सुईण त्याला ऊब देई, वेळच्या वेळी त्याच्या खुराकाचं गुलाबी पाणी बदली, आणि सुट्टीच्या दिवशीसुद्धा "माझ्या पेशी उपाशी असतील" म्हणत भरल्या ताटावरून उठून जाई. नवरा आपलं आपण वाढून घेई. त्याच्या उपासमारीची अशी काळजी कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

पेशींच्या खोलीत नियम कडक होते. झगा, हातमोजे, आणि केस वर घट्ट बांधून टोपीत कोंबलेले. दिवसभर असं बसून तिचं डोकं दुखे, म्हणून घरी पाऊल टाकलं की ती आधी केस मोकळे सोडी आणि मग चपला काढी.

या प्रयोगशाळेचे प्रमुख होते सर. सर विद्वान होते, आणि ते स्वतःला जेवढे विद्वान समजत त्याच्या निम्म्याने असते तरी पुरलं असतं. दर सोमवारी बैठक असे. सर पहिल्या रांगेत पडद्यासमोर बसत, बाकीचे मागे. आणि त्या मागच्यांच्या डोळ्यांसमोर, कॉलरच्या वर, सरांच्या मानेवर एक तीळ होता.

तो आधी डाळीएवढा होता, मग वाटाण्याएवढा झाला. एक बाजू काळी, दुसरी तपकिरी, कडा कुरतडल्यासारख्या. पुस्तकात धोक्याच्या तिळाचं जे जे वर्णन असतं ते सगळं त्या मानेवर नांदत होतं. पडद्यावर कुणी जीव तोडून आकृत्या दाखवी आणि मागची जनता मानेचा अभ्यास करी. बैठकीनंतर चहाच्या खोलीत जाहीर चर्चा चाले. कुणी म्हणे वाढलाय, कुणी म्हणे प्रकाशामुळे तसा दिसतो. तळघरातल्या शीतपेट्या सांभाळणारा, ज्याला सगळे बर्फ्या म्हणत, तो तर लांबूनच बघून किती खोल गेला असेल ते सांगे. एवढं अगाध ज्ञान एका खोलीत चहा पीत होतं. फक्त ज्याची मान त्याला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

याला कारण होतं. मागे एकदा पाहुण्यांसमोर भाषणाला उभं राहताना एका भाबड्या माणसाने सरांना हळूच सांगितलं होतं की शर्टाला शाई लागली आहे. सरांनी त्याच्याकडे पाहिलं. पुढचं वर्षभर तो तळघरात जुन्या नळ्या मोजत होता. तेव्हापासून सरांच्या अंगावरच्या कुठल्याही डागाबद्दल सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली होती.

सुईणीची गुळणी सगळ्यांत मोठी होती. तिची नोकरी अजून कायम झाली नव्हती आणि सही सरांची हवी होती. हल्ली ती चहाच्या खोलीत शिरली की बोलणं एकदम थांबे, कुणी बशीत बघे, कुणी खिडकीबाहेर. तिने ओळखलं, आपल्या कायम होण्यावरून यांच्या पोटात दुखतंय. मग ती मुद्दाम मान ताठ करून, सगळ्यांच्या समोरून सावकाश जाऊन साखर घेई. जळा म्हणावं.

पण घरी तिला तो तीळ गप्प बसू देईना. रोज रात्री ताटावर बसली की सुरू. सासूबाई स्वभावाने तिखट, आणि जेवताना तर जास्तच. एक दिवस त्यांनी घास खाली ठेवला.

"अगं, त्या माणसाच्या मानेचा रंग मला पाठ झालाय. भाजीत काय आहे तेसुद्धा कळेनासं झालंय. त्याला सांगितलंस का?"

"माझी सही अडकलीय ना, आई."

"आणि तो मेला तर सही कोण करणार आहे?"

नवरा ताटात बघून हसला. सुईणीला हसू आलं नाही. तिला रात्रभर स्वतःची लाज वाटत राहिली.

त्या आठवड्यात सरांचं लोकांसाठी व्याख्यान होतं. सभागृह भरलेलं. सर बोलायला उभे राहिले आणि प्रयोगशाळेची माणसं शोभेला त्यांच्या मागे खुर्च्यांवर बसवली होती. सर रंगात आले होते. म्हणाले, "आपली पाठ, आपली मान आपल्याला दिसत नाही. ती दुसऱ्याला दिसते. तेव्हा कुणाच्या अंगावर बदलणारा तीळ दिसला तर त्याला सांगा. संकोच करू नका. तुमच्या संकोचाने माणूस जाईल." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेनेही वाजवल्या, त्या मानेकडे बघत, अगदी मनापासून. सुईणीचे हात मात्र उचलले गेले नाहीत.

लोक पांगल्यावर तिने सरांना जिन्यापाशी गाठलं.

"सर, तुमच्या मानेवर मागे एक तीळ आहे. तो बदललाय. तुम्ही दाखवायला हवा."

सरांचा हात मानेकडे गेला. तळघर, नळ्या, गेली नोकरी, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं. सरांनी बोटांनी तीळ चाचपला. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून दिसतोय?"

"वर्ष झालं असेल."

"सगळ्यांना माहीत आहे?"

"हो."

सर जिन्याच्या कठड्याला टेकले. पहिल्यांदाच ते तिला साध्या माणसासारखे दिसले. "बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "मग तुम्ही तुमचा दाखवलात का?"

"माझा काय?"

"उजव्या कानामागचा. तुम्ही टोपी घालून कामाला बसता तेव्हा काचेतून दिसतो. मला वाटलं, तुमचा तर हाच विषय, तुम्हाला माहीत असणार. आणि बाईमाणसाला असं कसं सांगायचं?" सरांनी नजर खाली घेतली. "तिकडे चहाच्या खोलीत सगळे त्याबद्दलच बोलत असतात. तुम्ही आत आलात की गप्प होतात."

सुईणीने कानामागे बोट नेलं. तिथे काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे शेजारी शेजारी बसून राहिले, एकमेकांच्या मानेकडे न बघता. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून सरांचा तीळ पाहिला आणि म्हणाल्या, "हा वयाचा चामखीळ आहे. नुसता दिसायला वाईट. हवा तर खरवडून टाकू." सगळ्या प्रयोगशाळेने एकमुखाने केलेलं निदान एका मिनिटात कचऱ्यात गेलं. काचेच्या बशीत पेशी वाढवणं वेगळं आणि माणसाची कातडी ओळखणं वेगळं, हे तिथल्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग त्यांनी सुईणीचे केस बाजूला केले. भिंग बराच वेळ कानामागे राहिलं.

तो काढला. तपासणीत मेलेनोमा निघाला. अजून पातळ, वरवरचा, सगळाच्या सगळा निघालेला. "थांबला असतात तर वेगळं बोलावं लागलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सुईण घाबरली, इतकी की घरी जाताना तिला रस्ता सुचेना. या पेशींची भूक तिला ठाऊक होती. इतकी वर्षं तिने स्वतःच्या हाताने त्यांना भरवलं होतं. नोकरी कायम झाल्याचं पत्र त्याच आठवड्यात आलं. ते सासूबाईंनी वाचलं, आणि मग तिच्या केसांतून हात फिरवत बसल्या. नवरा रोज रात्री पट्टी बदली, आणि एवढं जवळ राहून आपल्याला दिसलं नाही म्हणून हळूच नाक ओढी.

पुन्हा कामावर गेली तेव्हा कानामागे टाके होते. सगळ्यांनी फार आपुलकीने विचारपूस केली. आम्हाला आधीपासूनच शंका होती, असंही दोघातिघांनी कौतुकाने सांगितलं. ती "हो का" म्हणाली.

चार दिवस गेले. दुपारी ती चहाच्या खोलीत शिरली आणि बोलणं एकदम थांबलं. कुणी बशीत बघू लागलं, कुणी खिडकीबाहेर.

"आता कुणाचा?" तिने विचारलं.

सुईणीने सगळ्यांच्या तोंडांवरून एकदा नजर फिरवली आणि खोलीत कोण नाही ते पाहिलं. मग कप तसाच ठेवून ती वळली आणि बर्फ्याला गाठायला तळघराचा जिना उतरू लागली.