अव्वांच्या नावाचं रोप

शकुंतलाबाई गेल्याचं मला प्रयोगशाळेत कळलं. बी.एस्सी.च्या मुलींना देठाचा पातळ काप कसा घ्यायचा ते दाखवत होते, तेवढ्यात शिपाई दारात येऊन उभा राहिला. त्यांच्या यजमानांच्या दुकानातून निरोप आला होता. हातातलं ब्लेड खाली ठेवलं, मुलींना घरी पाठवलं आणि खिडकीशी बसून राहिले... त्याला आता महिना होऊन गेला. तरीही आठवतात त्या परसात उकिडव्या बसलेल्या, हात मातीनं भरलेले आणि चेहरा खूश.

मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग कॉलेजात त्यांच्याच वनस्पतिशास्त्र विभागात डेमॉन्स्ट्रेटर. त्यांचं माहेर कोल्हापुरातलंच, शिक्षकाचं. सासर मूळचं गडहिंग्लजचं. पती अप्पा इथे गुळाचा व्यापार करायचे आणि घरात निम्मं बोलणं कानडीत चालायचं. सासूबाईंना सगळे अव्वा म्हणत. अव्वा शाळेत गेल्या नव्हत्या, पण सुनेला एम.एस्सी. करायला लावलं ते त्यांनीच. चूल मी बघते, तू पुस्तक बघ, असं त्यांनी पाहुण्यांसमोर सांगून टाकलं होतं. ते ऋण बाईंच्या मनात कायम होतं.

साठच्या दशकाअखेरची गोष्ट. मलकापूरच्या पुढे जांभ्या दगडाच्या सड्यावर, उघड्या पठारावर, बाईंना एक बुटकं रोप सापडलं. पानं जाड, आखूड, लवदार. फूल इवलंसं, जांभळं. तसल्याच फुलाचं एक झाड खाली ओढ्याकाठी वाढायचं, पण त्याची पानं लांब आणि गुळगुळीत, आणि ते सगळ्यांच्या ओळखीचं होतं. दोन-तीन पावसाळे बाई एस.टी.नं जात राहिल्या, कधी मलाही बरोबर नेलं. शेवटी त्यांनी ठरवलं, सड्यावरची जात वेगळी, आजवर कुणी न नोंदवलेली. तसा निबंध लिहून एका नियतकालिकाकडे पाठवला. शोधणाऱ्याला नाव सुचवता येतं. बाईंनी अव्वांचं सुचवलं, गंगव्वा. अव्वांनी ते गल्लीभर सांगितलं.

सड्यावरची काही रोपं बाईंनी परसात डब्यांतून लावली होती. उन्हाळ्यात त्या पेपर तपासायला परगावी गेल्या आणि अव्वा आपल्या नावाच्या झाडाला सकाळ-संध्याकाळ पाणी घालत राहिल्या. बाई परतल्या त्या दिवशी मीही तिथे होते. डब्यांतली नवी पानं लांब फुटली होती. गुळगुळीत. मी म्हटलं, दुसरं बी पडलं असेल. असेलही, बाई म्हणाल्या, बघू या. त्यांनी एकाच रोपाचा गड्डा मधोमध कापला. एक अर्धा खडीत, उन्हात लावला, दुसरा नळाजवळच्या ओल्या मातीत. दिवाळीपर्यंत एकाच आईची दोन लेकरं दोन तऱ्हेची पानं घेऊन उभी होती. खडीतलं सड्यावरच्यासारखं, ओलीतलं ओढ्याकाठच्यासारखं.

तोवर निबंध स्वीकारल्याचं कळलं होतं. विभागप्रमुखांचं म्हणणं, छापून येऊ द्या, पुढे कुणीतरी दुरुस्त करील. बाईंनी दुसऱ्या दिवशी निबंध मागे घेतला. मला म्हणाल्या, "मी इतकी वर्षं पान बघून झाडाची जात ठरवत होते गं. झाड तर जागा बघून पान ठरवतंय. कसं ठरवतं, ते आता शोधायला हवं." त्यांच्या आवाजात हुरूप होता. धास्ती होती ती अव्वांना सांगण्याची. त्या संध्याकाळी त्यांनी मला मुद्दाम बरोबर नेलं.

अव्वा वाल सोलत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे ते जुनंच हाय व्हय?" बाईंनी मान हलवली. "मी पानी घाटलं म्हणून असं झालं?"

"तुम्ही घातलंत म्हणून मला कळलं, अव्वा."

हातातला वाल सोलून अव्वा म्हणाल्या, "नाव नसू दे की. जगलं न्हवं ते." बाईंच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढची दहा-बारा वर्षं बाईंनी त्याच प्रश्नावर काम केलं. पान कोणत्या वयात ठरतं, किती ओलीनं बदलतं, एकदा ठरलेलं फिरतं का. नवा निबंध आला तेव्हा आभारात त्यांनी लिहिलं होतं, रोपांना पाणी घातल्याबद्दल गंगव्वा यांचे आभार. हे शास्त्रात बसत नाही, असं प्रमुख म्हणाले. बाईंनी ते काढलं नाही. दरवर्षी वर्गात त्या तशी दोन रोपं कुंड्यांतून आणून ठेवायच्या आणि विचारायच्या, जाती किती? सगळी पोरं दोन म्हणायची. मग बाई मजेत सांगायच्या, मीही हेच म्हणाले होते.

परवा त्यांच्या घरी गेले होते. बाई गळ्यात काळ्या दोऱ्यात एक छोटं भिंग घालायच्या. विभागातल्या कपाटात ठेवायला ते मागून घ्यावं असं मनात होतं. अप्पा ओसरीवर ते भिंग डोळ्याशी धरून पेपर वाचत बसले होते. मला बघून बाजूला ठेवलं, चहा सांगितला. मग भिंग पुन्हा हातात घेऊन म्हणाले, "तिला ह्येच्यातनं दिसायचं. मला नुसतं मोठं दिसतंय." आणि हसले.

मी भिंगाचा विषय काढला नाही. अर्धा कप चहा आणखी मागितला.