जजसाहेबांची स्थळपाहणी

स्वतः जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय जजसाहेबांनी जन्मात कशावर विश्वास ठेवला नाही. शेवटच्या संध्याकाळी इथं आखातात, अल नहदातल्या आमच्या बिल्डिंगखाली आम्ही दुधात कडक उकळलेला करक चहा प्यायलो, तेव्हाही चहावाल्याच्या पातेल्यात वाकून पाहिलं आणि मगच त्यांनी कप घेतला. चहावाल्यानं हल्ली बोलणंच सोडलं होतं, झाकण काढून बाजूला व्हायचा.

मी गवंडी, चार बुकं शिकलेला, आता मुलाकडे असतो. ते जिल्हा न्यायाधीश होऊन रिटायर झालेले, लेकीकडे आलेले. मला ‘मिस्त्री’ म्हणायचे. नोकरीत तालुक्यातालुक्यांतून बदल्या; बांधाचं भांडण आलं की कोट काढून चिखलात उतरायचे. एकदा विहिरीचा झरा कुणाच्या बाजूनं येतो ते बघायला आत उतरले आणि शिडी मोडली. वादी-प्रतिवादींनी मिळून दोरानं वर ओढलं, आणि ओढता ओढता त्या दोघांचं जमूनच गेलं. “माझा सगळ्यात चांगला निकाल तो, मिस्त्री. मी दिलाच नाही,” असं सांगून पोट धरून हसायचे.

इथंही खोड गेली नाही. खालच्या झोपाळ्यावरून दोन पोरी भांडल्या, तर हे स्वतःच त्याच्या लहानशा खुर्चीत बसले. “अंकल, गेट अप! माय टर्न!” पोरी ओरडतायत, हे म्हणतात, “पाहणी चालू आहे.” मी म्हटलं, “पाहणी कसली साहेब, ढुंगण अडकलंय तुमचं!”

माझी बायको गेल्यापासून तिच्या कपाटावरून घरात धुसफूस. त्या संध्याकाळी चहा झाल्यावर साहेबांना वर नेलं, म्हटलं, तुम्हीच सांगा. त्यांनी कपाट उघडलं.

सून म्हणाली, “काका, बाबा रोज इथं बसून राहतात. ताट गार होतं, तरी हलत नाहीत. साड्या देऊन टाकू या.”

“हात लावून तर बघ!” मी म्हटलं.

साहेब बराच वेळ साड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आणि वहिनींची बाजू कोण मांडणार?”

त्यांनी कपाट बंद केलं.

“निकाल राखून ठेवतो. मिस्त्री, त्या काय म्हणाल्या असत्या, ते उद्या सांगा.”

त्याच रात्री साहेब झोपेत गेले.

सकाळी त्यांच्या लेकीचा फोन आला. जाऊन त्यांचं तोंड बघून आलो आणि कपाटासमोर बसलो. बायको काय म्हणाली असती, ते मला आदल्या दिवशीच ठाऊक होतं. “एवढ्या साड्या तुम्ही नेसणार आहात का?” असंच म्हणाली असती.

सुनेला हाक मारली. “घे गं. हिरवी तुला. तुझी सासू घरात नेसायची तेवढी एक राहू दे, बाकीच्या दे कुणाकुणाला.”

मग खाली गेलो. चहावाल्यानं न सांगता झाकण काढलं. मी पातेल्यात वाकून पाहिलं आणि मगच कप घेतला.